तालुक्याच्या गावात साखळी कॉफी शॉप: सहीआधी काय, सहीनंतर काय

साखळी कंपन्यांची कॉफी शॉप तालुक्याच्या गावांत उभी करून देणं, हे माझं काम. मला येणारे फोन बहुतेक एकाच वाक्यानं सुरू होतात: "टोकन भरलंय, आता गाळा बघायचाय." तिथंच चूक झालेली असते. टोकन म्हणजे फ्रँचायझीसाठी, कंपनीचं नाव घेऊन दुकान चालवायच्या हक्कासाठी, कंपनीला दिलेली आगाऊ रक्कम. ती भरली की माणूस हिशोब मांडायचा थांबतो आणि भरलेले पैसे वाचवायच्या मागे लागतो. मग मिळेल तो गाळा, असेल ती वीज, असेल ते पाणी. सहा महिन्यांनी दुकान चालत नाही म्हणून गावाला दोष दिला जातो. गावाचा दोष नसतो, क्रम उलटा झालेला असतो.

पुढचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत, त्याच क्रमानं करा. पहिल्या पाच टप्प्यांत कंपनीला एक रुपयाही द्यायचा नाही.

१. आधी गाव मोजा

चौकात उभं राहून येणारी-जाणारी माणसं मोजू नका. बाजारच्या दिवशी चौकातून हजारो जातात, ती तुमची गिऱ्हाइकं नव्हेत. आज गावात बसून ८०-१०० रुपये खर्च करणारी माणसं मोजा. बेकरीतलं बाकडं, ज्यूस सेंटर, आइस्क्रीम पार्लर, फॅमिली रेस्टॉरंट अशी तीन-चार ठिकाणं निवडा आणि दोन आठवडे वही घेऊन बसा. त्यात आठवडी बाजाराचा एक दिवस, कॉलेजचे दोन दिवस आणि एक रविवार आलाच पाहिजे.

वहीत वेळ लिहा, कारण तालुक्याच्या गावाचं घड्याळ एसटीवर चालतं. कॉलेजची निम्मी पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. साडेपाचची गाडी गेली की स्टँडसमोरचा रस्ता ओस पडतो. त्यानंतर येतात ते गावातले: दुकानदार, डॉक्टर, बँकेतली आणि शाळेतली मंडळी, आणि तीही साडेसातनंतर. कंपनीचा माणूस दुपारी दोनला गर्दी बघून खूश होतो. तुम्ही संध्याकाळचा खड्डा बघा.

वर्षाचं चक्रही मांडा. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगाम आणि बिलं जमा होण्याचे दिवस, कांद्या-द्राक्षाच्या पट्ट्यात मालाचे पैसे हातात येण्याचे दिवस, लग्नसराई, परीक्षा, सुट्ट्या. एप्रिल-मेमध्ये कोल्ड कॉफी खपते खरी, पण कॉलेजची पोरं गावाला गेलेली असतात.

*तपासा:* वहीवरून सांगता आलं पाहिजे की, सध्या गावात रोज साधारण इतकी बिलं या किमतीची होतात आणि त्यातली इतकी आपल्याकडे वळतील. हा आकडा पाचव्या टप्प्यात लागणार आहे.

२. कंपनी खरी आहे का, हे स्वतः बघा

फ्रँचायझीच्या नावाखाली बनावट वेबसाइट काढून पैसे उकळण्याचे प्रकार सर्रास चालतात. पहिली खूण म्हणजे, जी कंपनी फ्रँचायझी देतच नाही तिच्या नावानं आलेला फोन. स्टारबक्स भारतात टाटांसोबतच्या संयुक्त कंपनीमार्फत स्वतःची दुकानं स्वतः चालवते. तुमच्या गावासाठी तिची फ्रँचायझी 'मंजूर' झाल्याचं पत्र कोणी पाठवलं तर ते बनावट समजा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

कंपनी खरी असली तरी तीन गोष्टी बघा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तिची नोंद आणि संचालक. ट्रेडमार्कच्या सरकारी शोध-पानावर ब्रँडचं नाव वर्ग ४३ मध्ये, म्हणजे खानपान सेवेच्या वर्गात, कोणाच्या नावावर आहे आणि नोंद झालीय की नुसता अर्ज पडलाय. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची: तुमच्याएवढ्याच गावांत चालू असलेली तिची निदान तीन दुकानं, तीही कंपनीचा माणूस सोबत न घेता. मालकाला विचारा, "पुन्हा संधी मिळाली तर हेच कराल का?" तो बोलायच्या आधी किती वेळ गप्प बसतो, त्यावरून बरंच कळतं.

बंद पडलेल्या दुकानांची यादीही मागा. ती द्यायला खळखळ करणारी कंपनी मी सोडून देतो.

३. गाळा पाहा, पण करार करू नका

या टप्प्यावर मालकाशी फक्त बोलणी. "पंधरा दिवस थांबा, वीज-पाणी तपासून सांगतो," एवढं सांगितलं तर बहुतेक मालक थांबतात. न थांबणाऱ्याला थोडी रक्कम द्या, पण काम न जमल्यास ती परत मिळेल असं कागदावर घ्या.

कागद हे मागा: मालकीचा उतारा, इमारत भोगवटा प्रमाणपत्र आणि नगरपरिषदेची किंवा नगरपंचायतीची घरपट्टी. घरपट्टीवर वापर 'निवासी' असेल तर दुकान सुरू झाल्यावर अडचण येते. गावाबाहेर हायवेलगत गाळा असेल तर जमीन बिगरशेती आहे का ते आधी बघा.

सांडपाण्याची नाली कुठं मिळते तेही बघा. कॉफी शॉपला दिवसभर भांडी, मशिन आणि फरशी धुवायची असते. चोकअप झालेल्या गटाराच्या वर सुंदर इंटिरिअर करून बसलेले लोक मी पाहिलेत. पावसाळ्यात दारात वास येतो आणि गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच मागे फिरतं.

*सावधान:* मालकाचा करार ३ वर्षांचा आणि फ्रँचायझी ५ वर्षांची, असं कधीही होऊ देऊ नका. चौथ्या वर्षी मालक भाडं दुप्पट करेल, आणि तुम्हाला जागा सोडता येणार नाही, कारण कंपनीकडे बांधलेले असाल. दोन्ही मुदती सारख्या हव्यात, भाडेवाढीचा टक्का लिहिलेला हवा आणि मुदतीआधी बाहेर पडायची मुभा तुमच्या बाजूनं हवी.

लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो आणि कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे. "नोटरी करून घेऊ, भागतंय" म्हणणाऱ्या मालकाला नाही म्हणा.

४. वीज आणि पाणी: इथं घाई केली तर मशिन जातं

कागदावर प्रत्येक यंत्राचा भार लिहा. दोन ग्रुपचं, म्हणजे एका वेळी दोन ठिकाणी कॉफी काढणारं, एस्प्रेसो मशिन साधारण ३.५ ते ४ किलोवॅट, ओव्हन २.५ ते ३, दीड टनाचे दोन एसी मिळून ३ च्या पुढे. वर मायक्रोवेव्ह, डीप फ्रीझर, बर्फाचं मशिन, ब्लेंडर आणि दिवे. बेरीज १२-१३ किलोवॅटच्या आसपास जाते. सिंगल फेजवर किराणा दुकान चालवलेल्या गाळ्यात हे चालणार नाही. महावितरणकडे व्यावसायिक थ्री फेजचा अर्ज लागतो, आणि जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर क्षमता शिल्लक नसेल तर काम महिनोन् महिने लांबतं. म्हणून सेक्शन ऑफिसमध्ये जाऊन लाइनमनला नव्हे, अभियंत्याला विचारा: "या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) एवढा लोड मिळेल का आणि कधीपर्यंत?"

व्होल्टेज संध्याकाळी सात ते नऊ मोजा. एका गावात दुपारी २३० दाखवणारा मीटर रात्री आठला १८५ वर आलेला मी बघितलाय. तिथं सर्वो स्टॅबिलायझरशिवाय मशिन लावणं म्हणजे पैसे जाळणं. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे आणि बिलिंग चालेल. मशिनच्या बॉयलरला जनरेटरच हवा.

आता पाणी. सगळ्यात जास्त दुर्लक्ष याकडेच होतं. एका दुकानात आठव्या महिन्यात वाफेचा जोर कमी झाला, दुधाला फेस येईना. तंत्रज्ञानं बॉयलर उघडला तर आतल्या हीटिंग कॉइलवर नखाएवढा जाड पांढरा थर, शिंपल्यासारखा कडक. हातोडीनं ठोकल्यावर तुकडे पडले. पाणी बोअरचं होतं, बसवताना कोणी तपासलंच नव्हतं. मशिन पुरवणाऱ्यानं वॉरंटी नाकारली, आणि त्याच्या कागदावर पाण्याची अट खरोखरच लिहिलेली होती.

कॉफीसाठी पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, साधारण ७५ ते २५० मध्ये असावा, १५० च्या आसपास सगळ्यात बरं. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात बोअरचा आकडा सहज याच्या कितीतरी वर जातो. म्हणून लोक घरगुती पद्धतीचा आरओ लावून मोकळे होतात. मग उलटी चूक होते. टीडीएस १०-१५ वर आला की कॉफी पचपचीत लागते. शिवाय बॉयलरमधली पातळी ओळखणारी कांडी पाण्यातून वीज वाहते का, यावर काम करते. पाण्यात क्षारच नसले की तिला बॉयलर रिकामा वाटतो आणि मशिन पाणी भरतच राहतं. म्हणून आरओच्या पाण्यात थोडं गाळलेलं मूळ पाणी मिसळण्याची सोय असलेली यंत्रणा घ्या.

टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे; कठीणपणा म्हणजे थर धरणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेतून कठीणपणासह पूर्ण अहवाल काढा. एफएसएसएआय, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरण, याच्या कामालाही तो लागतो.

*तपासा:* उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं? टँकर घ्यावा लागला तर त्याचा टीडीएस वेगळा असेल. त्या दिवशी काय करणार, हे आत्ताच ठरवा.

५. हिशोब: जीएसटी खर्चात धरा

कंपनी हिशोबाचा छापील तक्ता देते. तो बाजूला ठेवा आणि कोरा कागद घ्या.

साध्या कॉफी शॉपला गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यावा लागतो, पण त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या. फ्रँचायझी फी ५ लाख असेल तर त्यावर १८ टक्के म्हणजे ९० हजार तुमच्या खिशातून जातात, परत येत नाहीत. मशिन आणि इंटिरिअर १२ लाखांचं असेल तर त्यावरचे २ लाख १६ हजारही तसेच. रॉयल्टीवर, म्हणजे दरमहा विक्रीतून कंपनीला जाणाऱ्या वाट्यावर, १८ टक्के. गाळ्याचा मालक जीएसटीत नोंदलेला नसेल आणि तुम्ही नियमित नोंदणीचे असाल, तर ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हालाच सरकारजमा करावा लागतो. तालुक्यातले बहुतेक गाळेमालक नोंदलेले नसतात. हे माहीत नसलं तर पुढं व्याजासकट नोटीस येऊ शकते.

एक उदाहरण मांडतो. आकडे तुमच्या गावाचे घाला.

महिन्याचे ठरलेले खर्च: भाडं ३०,००० आणि त्यावर कर ५,४००. चार माणसांचा पगार ६४,०००. वीज २२,०००. सॉफ्टवेअर, गॅस, सफाई, कीटकनियंत्रण, दुरुस्ती मिळून १३,६००. एकूण १,३५,०००.

विक्रीच्या दर १०० रुपयांतून जाणारे: दूध, कॉफी, खाद्यपदार्थ, कप ३८. नासधूस ३. रॉयल्टी ६ टक्के धरली तर करासह ७ रुपये ८ पैसे. हातात उरतात सुमारे ५२.

म्हणजे नुसता खर्च निघायला महिन्याला साधारण २ लाख ६० हजारांची विक्री हवी, दिवसाला ८,६५० च्या आसपास. सरासरी बिल १४० चं धरलं तर रोज ६२ बिलं. कर्जाचा हप्ता ३०,००० असेल तर रोज ७६. पावसाळ्यातल्या मंगळवारी ७६ बिलं होतील का? पहिल्या टप्प्यातली वही काढा.

ऑनलाइन डिलिव्हरीची विक्री यात धरू नका. तिथं कमिशन आणि सवलत जाऊन काय उरतं, त्याचा वेगळा हिशोब लागतो.

*सावधान:* आकडा जमत नसेल तर सरासरी बिल १४० चं १८० करून जमवू नका. मी सांगतो कारण प्रत्येक जण तेच करतो. भाडं कमी करून घ्या, जागा लहान घ्या, नाहीतर थांबा. आत्तापर्यंत गेला तो फक्त वेळ.

भांडवल मोजताना सहा महिन्यांचा ठरलेला खर्च वेगळा काढून ठेवा. मुद्रा योजनेत तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. अनुदानाची कोणतीही योजना घ्यायची असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात खरेदीआधी जा. मशिन आधी घेऊन मग अर्ज करणाऱ्याची फाइल अडते.

६. आता कंपनीचा करार वाचा

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. कागदावर जे आहे तेवढंच तुमचं. कंपनीचा माणूस तोंडी बोलला, ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा आणि "बरोबर आहे का?" असं विचारा.

वकिलाला हे मुद्दे दाखवा. तुमचं क्षेत्र किती किलोमीटरचं, आणि हायवेवरचा फूड मॉल त्यात येतो का? विक्री झाली नाही तरी किमान रॉयल्टी आहे का? कच्च्या मालाचे दर कोण ठरवतं, वाढले तर किती दिवस आधी कळवणार? मालाची गाडी आठवड्यातून कितीदा येते, भाडं कोणाचं, आणि गोठवलेला माल वितळून आला तर नुकसान कोणाचं? ॲपवरच्या सवलतीचा भार कोणावर? दुकान बंद केलं तर मशिन कोण आणि कोणत्या दरानं परत घेणार? वाद झाला तर लवाद कोणत्या शहरात?

मालाच्या गाडीच्या मुद्द्यावर अडून बसा. पुण्याहून आठवड्यातून एकदा गाडी येणार आणि फ्रीझर लहान असेल, तर शनिवारी निम्मा मेनू "संपला" असतो. गावातलं गिऱ्हाईक दोनदा "संपलं" ऐकलं की तिसऱ्यांदा येत नाही.

गाळ्याचा आणि कंपनीचा, दोन्ही करार एकाच आठवड्यात करा. आधी एक करून दुसऱ्याची वाट बघत बसू नका.

७. परवाने

एफएसएसएआयचा परवाना किंवा नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर, तुमच्या नावानं आणि तुमच्या पत्त्यावर. कंपनीचा क्रमांक चालत नाही. १४ अंकी क्रमांक दुकानात आणि बिलावर दिसला पाहिजे. त्याच सुमारास जीएसटी, दुकान-आस्थापनेची नोंद किंवा सूचना आणि नगरपरिषदेचे दाखले. गाणी लावणार असाल तर त्याचाही परवाना लागतो.

पाटीकडे खास लक्ष द्या. कंपनीच्या डिझाइनमध्ये नाव इंग्रजीत मोठं असतं आणि मराठी कोपऱ्यात बारीक. महाराष्ट्रात मराठी देवनागरी नाव ठळक हवं आणि त्याची अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. पाटी बनल्यावर बदलायला निम्मी किंमत पुन्हा जाते, म्हणून डिझाइनच मंजूर करताना बदलून घ्या. प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि ढवळकाड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कंपनीच्या जुन्या साठ्यातला माल आला तर परत पाठवा.

८. काम आणि मशिन

क्रम: नाली आणि पाण्याची लाइन, मग वीज, मग फरशी, मग फर्निचर, शेवटी मशिन. पाण्याचं फिल्टर मशिनच्या आधी किमान दोन दिवस चालवून त्याचा टीडीएस लिहून ठेवा. मशिन बसवणारा आला की सुट्या भागांचा एक संच, ग्रुपचे गॅस्केट आणि गाळण्यांसह, तिथंच मागून घ्या. तंत्रज्ञ शंभर-दीडशे किलोमीटरवरून येणार असतो.

९. माणसं

चार लागणार असतील तर पाच जणांना प्रशिक्षण द्या, एक जण पहिल्या दोन महिन्यांत जातोच. मुलींना कामावर घेत असाल तर शिफ्ट शेवटच्या एसटीच्या वेळेला धरून लावा. हे न केल्यानं चांगल्या मुली सोडून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. वर्षातून एकदा सगळ्यांची वैद्यकीय तपासणी करून दाखले दुकानात ठेवा.

प्रत्येकाकडून रोज वजन करून शॉट, म्हणजे एका कपापुरती एस्प्रेसो, काढून घ्या: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. पावसाळी हवेत दळण बदलावं लागतं, तेही शिकवा. दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवायचं, उकळवायचं नाही. गावात "कॉफी कोमट का?" असं विचारलं जातं, त्याला "एक्स्ट्रा हॉट देऊ का?" हे उत्तर तयार हवं.

बोलणं हाच प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे. एका दुकानात धोतर-टोपीतले आजोबा नातीला घेऊन आले, फळ्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "साधी कॉफी मिळंल का बाळा?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साधी नसते आमच्याकडं." आजोबा नातीचा हात धरून बाहेर पडले. त्या पोरानं म्हणायला हवं होतं, "मिळंल की आजोबा, दुधाची देतो, साखर किती टाकू?" मशिनवर ती दोन मिनिटांत झाली असती. फळ्यावर मराठीत एका ओळीत प्रत्येक पेयाची माहिती लिहा: दूध जास्त, कॉफी कमी, कडक, दूध नाही, थंड, आइस्क्रीमसह.

१०. उद्घाटनाआधी दहा दिवस शांतपणे दुकान चालवा

मुहूर्त आधी काढून त्यामागे धावू नका. वीज जोडून मिळाली, परवाना हातात आला, मग तारीख बघा. पहिले दहा दिवस फलक-फटाके न लावता दुकान उघडा, रोज २०-२५ जणांना द्या आणि काय अडतं ते लिहा. पाहुण्यांच्या हस्ते फीत कापून एका संध्याकाळी पाचशे माणसं आत घेतलीत तर नवी पोरं गोंधळतात, कॉफीला पाऊण तास लागतो, आणि गावभर तेवढीच बातमी होते.

११. पहिले ९० दिवस

रोज रात्री चार आकडे वहीत: बिलांची संख्या, सरासरी बिल, फेकलेलं दूध लिटरमध्ये, फिल्टरनंतरचा टीडीएस. उपवासाच्या दिवसांत काय खपलं, ते वेगळं लिहा. चतुर्थी, गुरुवार आणि श्रावणाचा परिणाम दोन महिन्यांत दिसतो आणि खाद्यपदार्थांची मागणी त्यानुसार लावता येते. नव्वदाव्या दिवशी पाचव्या टप्प्यातल्या रोजच्या ६२ बिलांच्या (कर्ज असेल तर ७६ च्या) खाली असाल तर आधी दुधाची नासधूस आणि सकाळच्या शिफ्टची माणसं कमी करा, मग वही घेऊन मालकाकडे भाड्याचं बोला. कंपनीकडे किमान रॉयल्टीतून सूट मागायची तर तीही याच आठवड्यात, लेखी.